नऊ बाय दहाच्या खोलीतली व्यायामशाळा : आधी जमीन, मग लोखंड

आपण कळवलेली परिस्थिती आधी थोडक्यात मांडतो. कांदिवलीला चारकोपमध्ये, चार मजल्यांच्या आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत आपले घर दुसऱ्या मजल्यावर आहे. इमारतीला ३० वर्षे होऊन गेली आहेत. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यामुळे १० फूट बाय ९ फुटांची एक खोली मोकळी झाली असून तिथे आपण, आपल्या पत्नी आणि ६८ वर्षांच्या आई अशा तिघांच्या व्यायामाची सोय करण्याचा आपला विचार आहे. ५० हजार रुपयांत ट्रेडमिल, मल्टिजिम (एकाच सांगाड्यावर अनेक व्यायामांची सोय असलेले यंत्र) आणि सात फुटी रॉडसह १०० किलो वजनांच्या प्लेटांचा सेट या तिन्ही गोष्टी बसतील का, आणि एवढे वजन स्लॅबला झेपेल का, असे आपण विचारले आहे.

या तिन्ही वस्तू त्या खोलीत बसतील, पण मग माणूस बसणार नाही. गेली २२ वर्षे मी मुंबईत लोकांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवतो आहे आणि त्यांतल्या बऱ्याच घरांत साधने निवडण्याचे, मांडण्याचे आणि दोन-तीन वर्षांनी ती विकून देण्याचे कामही माझ्याकडेच आले आहे. विकायला निघालेल्या साधनांचा दोष सहसा मालकाच्या आळसावर टाकला जातो. मला मात्र त्या खोल्यांत वेगळीच गोष्ट दिसली. जिथे माणसाने हातपाय पसरायचे, तिथेच यंत्र उभे होते, त्यामुळे प्रत्येक वेळी अंग चोरून व्यायाम करावा लागत होता आणि अंग चोरून केलेला व्यायाम महिनाभरापेक्षा जास्त टिकत नाही. मुंबईच्या घरात मोकळी जमीन हेच सर्वांत महाग साधन आहे. आपल्याकडे ते ९० चौरस फूट आहे. बाकीची खरेदी ही जमीन कमीत कमी खाऊन व्हावी, एवढ्या एकाच कसोटीवर मी पुढचे सगळे सांगणार आहे.

खरेदीआधी एका रविवारी जुनी वर्तमानपत्रे घेऊन खोलीत बसा. ट्रेडमिलसाठी सहा फूट बाय अडीच फुटांचा आयत लादीवर पसरा, आणि पट्ट्यावरून पाय सटकल्यास माणूस मागे फेकला जातो म्हणून त्याच्या मागे आणखी पाच-सहा फूट मोकळे सोडा. मल्टिजिमसाठी सात फूट बाय चार फूट पसरा. कपाटाचे दार उघडून पाहा, खोलीचे दार आत उघडते की बाहेर ते पाहा. मग उरलेल्या जागेत आडवे पडून दोन्ही हात बाजूंना पसरा. माणसाची उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी, म्हणजे जुन्या मापातली वाव, साधारण सारखीच असते. एवढी एक चौरस जागा मोकळी मिळाली नाही, तर त्या खोलीत धड जोरही काढता येणार नाहीत.

सात फुटी रॉडचा हिशेबही याच वेळी करून टाकावा. स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २.२ मीटर लांब आणि २० किलो वजनाचा असतो. आपल्या खोलीची नऊ फुटांची बाजू २.७४ मीटर आहे. रॉड त्या बाजूला समांतर, अगदी मधोमध धरला तरी दोन्ही टोकांना २७-२७ सेंटिमीटर उरतात, आणि तेवढ्या फटीत उभे राहून २० किलोची प्लेट चढवता-उतरवता येत नाही. दहा फुटांच्या बाजूला धरला तर ४२ सेंटिमीटर उरतात, म्हणजे आडवे होऊन आत शिरता येईल, पण ती प्लेट एक दिवस भिंतीवर किंवा पायावर जाईल. शिवाय एवढा लांब रॉड दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवताना जिन्याच्या वळणावर त्याचे टोक शेजाऱ्यांच्या दाराला लागते, हा अनुभव मी एकदा घेतला आहे आणि ते दार नंतर रंगवूनही दिले आहे. आपल्याला रॉड हवाच असेल तर पाच फुटी पुरेसा आहे.

आता स्लॅबविषयी. राहत्या घरांच्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागात दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, एवढा वापराचा भार धरलेला आहे. व्यायामशाळेच्या इमारतीसाठी तोच आकडा ५ किलोन्यूटन आहे, आणि घर व व्यायामशाळा यांच्यातला फरक एवढ्यावरूनच कळावा. आपली खोली सुमारे ८.३६ चौरस मीटरची आहे, म्हणजे कपाट, पलंग, माणसे सगळे धरून दीड टनाहून थोडा अधिक, सर्वत्र पसरलेला भार तिथे कागदावर मान्य आहे. मुंबईत ज्या घरांत पाणी एकच वेळ येते तिथे २०० लिटरचे पिंप भरून ठेवलेले असते आणि ते एकटेच २०० किलोंचे असते, तेही जेमतेम दोन फूट व्यासाच्या जागेवर. तेव्हा १०० किलो प्लेटा भिंतीलगत मांडून ठेवल्या म्हणून चांगल्या अवस्थेतला स्लॅब खचत नाही. स्लॅबला आणि शेजाऱ्यांना त्रास देतो तो आदळणारा भार. फूटभर उंचीवरून सुटलेला डंबेल लादीला जो दणका देतो, त्याचा त्या डंबेलच्या स्थिर वजनाशी काही मेळ राहत नाही.

तरीही ‘चांगल्या अवस्थेतला’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. चारकोप खाडीजवळ आहे, इमारत तिशी ओलांडलेली आहे, आणि अशा इमारतींत खाऱ्या हवेने व गळतीने काँक्रीटमधल्या सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे सळी फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. हे आपल्याला आपल्या खोलीत दिसणार नाही, कारण आपली जमीन म्हणजे खालच्यांचे छत. ते पाहण्यासाठी पहिल्या मजल्यावर चहाला जावे लागते. त्या छताला तपकिरी रेघा, पोपडे, फुगलेला गिलावा किंवा उघडी सळी दिसली, तर व्यायामाची योजना थांबवून आधी सोसायटीच्या कमिटीला कळवा. ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब नुसार बंधनकारक आहे, तेव्हा आपल्या सोसायटीकडे तो अहवाल असायला हवा. इमारत ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरली असेल तर प्रश्नच मिटला. ‘सी-२’ म्हणजे दुरुस्ती आवश्यक असलेल्या गटात असेल तर दुरुस्ती होईपर्यंत थांबावे आणि दुरुस्तीनंतरही उड्या मारण्याचे व्यायाम घरात करू नयेत.

गिरगाव-लालबागकडच्या, लाकडी तुळयांवर उभ्या असलेल्या जुन्या चाळींत राहणाऱ्यांनी तर जड वस्तू भार घेणाऱ्या भिंतीलगतच ठेवावी आणि दोरीच्या उड्या गच्चीवर किंवा अंगणात माराव्यात. गॅलरीत साधने ठेवण्याचा विचारही कोणी करू नये. गॅलरीचा स्लॅब बहुधा एका बाजूने अधांतरी असतो, पावसाचा पहिला मारा तोच खातो, आणि पुष्कळ ठिकाणी त्यावर आधीच ग्रिल व कुंड्यांचे ओझे चढवलेले असते.

चहाला खाली जाण्याचा दुसरा फायदा आपल्याला पुढे जाणवेल. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ४५ डेसिबल ठरवलेली आहे, हे खरे. पण खालच्या घरातल्या माणसाला डेसिबलशी घेणे नसते. पहाटे साडेपाचला डोक्यावर ‘धप्’ झाले की त्याची झोप मोडते, एवढेच त्याला कळते. व्यायामाची वेळ त्यांना विचारून ठरवा, आणि पहिल्या आठवड्यात आवाज येतो का हे स्वतःहून विचारायला जा.

लादीवर काय पसरावे याविषयी दुकानदार बरेच सांगतात. टायरच्या भुश्श्यापासून दाबून केलेल्या १५ ते २० मिलिमीटर जाडीच्या रबरी चौकटी हेच या कामाला योग्य साहित्य आहे. मुलांच्या खोलीत टाकतात त्या रंगीत, एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या चौकटी डंबेलखाली वर्षभरात दबून बशीसारख्या होतात. रबर टाकण्याआधी एक रुपयाच्या नाण्याने प्रत्येक लादीवर ठोकून पाहा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे लादीखाली सिमेंट धरलेले नाही आणि ती लादी वजनाने फुटू शकते. त्या भागात वजने ठेवू नका. संपूर्ण खोली रबराने मढवण्याची गरज नाही. सहा फूट बाय चार फुटांचा पट्टा पुरे, बाकी जागा चटईसाठी राहू द्या. नव्या रबराला पेट्रोल पंपासारखा वास येतो, म्हणून आणल्यावर आठ-दहा दिवस गच्चीवर उन्हात टाकावे. पावसाळ्यात रबर आणि लादी यांच्यामध्ये ओल साचून काळे डाग पडतात, तेव्हा जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा चौकटी उचलून खालची जमीन कोरडी पुसावी. आणि हेही सांगून ठेवतो की कोणतेही रबर सोसायटीच्या घरात वजन टाकून देण्याची मुभा देत नाही. रबर लादी वाचवते आणि खणखणाट शोषते, पण दणका स्लॅबमधून खाली जातोच.

उंचीचा विचार लोक जवळजवळ कधीच करत नाहीत, आणि मुंबईतल्या खोल्यांत खरा अपघात तिथेच होतो. आपली खोली नऊ फूट उंच आहे असे धरू. एक फुटाच्या दांडीवर टांगलेल्या पंख्याची पाती पावणेआठ ते आठ फुटांवर फिरतात. पाच फूट आठ इंच उंचीच्या माणसाने डंबेल पूर्ण वर नेला की त्याची मूठ पावणेसात फुटांच्या आसपास जाते, त्यावर डंबेलची अर्धी जाडी चार-पाच इंच, म्हणजे सव्वासात फूट. मधले अंतर उरले अर्धा फूट, फार तर नऊ इंच. उंच माणूस असेल, डंबेल उभा धरला असेल, किंवा दमल्यावर हात थोडे मागे गेले असतील, तर तेही उरत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी पाते डंबेलवर आपटून वाकले आणि पंखा गदागदा हलू लागला. सुदैवाने दोघेही बाजूला झालो. तेव्हापासून मी पहिला खर्च हाच सांगतो : छताचा पंखा काढून भिंतीचा पंखा लावून घ्यावा. वारा अंगावर येतो, आणि डोक्यावरची जागा मोकळी होते. खोलीत माळा असेल तर त्याच्या खाली वजन वर नेण्याचा कोणताही व्यायाम करू नये. मुद्गल फिरवायची हौस असल्यास ती गच्चीवर पुरवावी.

लटकण्याच्या दांडीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पाठीच्या व्यायामाला घरात तिच्यासारखे दुसरे साधन नाही आणि तिच्याइतके निष्काळजीपणे बसवलेलेही दुसरे नाही. दाराच्या चौकटीत पिळून घट्ट करायच्या दांड्या मिळतात, त्या घेऊ नका. चौकटीचे लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि एक दिवस दांडी माणसासह खाली येते. भिंतीला बोल्टने बसवायच्या दांडीचे गणित असे आहे : दांडी भिंतीपासून दोन फूट पुढे आली आहे आणि तिची लोखंडी पट्टी एक फूट उंच आहे असे समजा. ७५ किलोचा माणूस नुसता शांत लोंबकळला तरी वरच्या बोल्टांना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर १५० किलोंचा होतो, आणि त्याने झटका देऊन शरीर वर खेचले की तो सहज दुप्पट होतो. हा जोर नऊ इंची विटांची भिंत किंवा काँक्रीटचा बीम घेऊ शकतो. खोल्यांच्या मधली साडेचार इंची भिंत किंवा सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांची भिंत घेऊ शकत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. शिकवायला सुरुवात केली तेव्हा भाड्याच्या खोलीत मी स्वतःच अशी दांडी मधल्या भिंतीला बसवली होती. तीन आठवडे ती व्यवस्थित होती. चौथ्या आठवड्यात वरच्या बोल्टाखाली लादीवर रोज चिमूटभर पांढरी भुकटी पडू लागली, आणि ती मी रोज झाडून टाकत राहिलो. मग एका सकाळी प्लगसकट बोल्ट, त्याच्याभोवतीचा हातभर गिलावा आणि मी असे सगळे एकदमच खाली आलो. कंबर वाचली, घरमालकाची भिंत नाही वाचली. तेव्हा दांडीखाली भुकटी दिसली तर ती झाडू नका, दांडी काढा. आपल्या खोलीची बाहेरची भिंत नऊ इंची असेल तर तिच्यावर, शक्य तिथे बोल्ट आरपार काढून मागे लोखंडी पट्टी लावून, आणि सोसायटीला कळवूनच दांडी बसवावी. बीमला भोक पाडायचे असल्यास इंजिनियरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नये, कारण सळी कापली गेली तर ते नुकसान भरून येत नाही.

आता लोखंडाकडे येऊ. आपल्या तिघांसाठी मी बदलत्या वजनाच्या डंबेलची एक जोडी, म्हणजे पेच असलेल्या दोन छोट्या दांड्या आणि सव्वा, अडीच व पाच किलोंच्या प्लेटा, एवढेच सुचवीन. दोन्ही मिळून ४० ते ५० किलो पुरतात. धोबी तलावच्या दुकानांत साधने हातात घेऊन पाहता येतात. तिथे येणारा बराच माल जालंधर आणि मेरठचा असतो. प्लेटा कास्ट आयर्नच्या घ्या. बाहेरून चकचकीत प्लास्टिक आणि आत सिमेंट भरलेल्या प्लेटा स्वस्त पडतात, पण ओतीव लोखंड सिमेंटपेक्षा सुमारे तिपटीने घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाची सिमेंटची प्लेट तिपटीने जागा खाते, दांडीवर तीन प्लेटांतच जागा संपते, आणि पडली की शिवण उकलून सगळीकडे भुकटी होते. प्लेटेच्या मधल्या भोकाचे माप पाहून घ्या. मोठ्या स्पर्धेच्या रॉडच्या प्लेटांचे भोक ५० मिलिमीटरचे असते, साध्या दांड्यांच्या प्लेटांचे साधारण एक इंचाच्या आसपास. दोन दुकानांतून थोडे थोडे घेणाऱ्यांचे हमखास इथे फसते.

आणखी एक गोष्ट लोक मला हसून विचारतात, पण मी दर वेळी करायला लावतो. घरी आणलेल्या प्लेटा कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलून घ्या. लहान ओतशाळांच्या मालात पाचाची प्लेट पावणेपाच भरते, दुसरी सव्वापाच भरते, आणि मग आपला उजवा हात डाव्यापेक्षा अशक्त आहे अशी माणसाची समजूत होते. खरे वजन खडूने प्लेटेवर लिहून ठेवले आणि जोड्या त्याप्रमाणे लावल्या की काम भागते.

बेंच असा घ्या की जो व्यायाम संपल्यावर उभा करून भिंतीला टेकवता येईल. चौकोनी पाइप किमान दोन मिलिमीटर जाडीचा असावा, आणि बेंचवर बसून डावी-उजवीकडे कंबर हलवली असता कुरकुर ऐकू येता कामा नये. ग्रिलवाल्याकडून बनवून घेणे स्वस्त पडते आणि मी स्वतः तसे केलेले आहे, मात्र रंग लावण्याआधी जाऊन वेल्डिंग पाहावे. मला एकाने नुसते चार-चार टाके मारून वर काळा रंग फासून दिला होता. सांधा पूर्ण भरलेला नाही हे कळले तेव्हा मी त्यावर झोपलेलो होतो. रॉड घेऊन बेंचवर छातीचा व्यायाम घरी एकट्याने करू नये. दमलेल्या माणसाच्या छातीवर किंवा गळ्यावर रॉड अडकला तर सोडवायला कोणी नसते. डंबेल निदान बाजूला खाली उतरवता येतात.

४०-५० किलोंत काय होणार, असे आपल्याला वाटेल. जड वजनाची उणीव सावकाशपणाने आणि एका पायावर, एका हातावर भार घेऊन बरीचशी भरून निघते. साधा जोर काढताना शरीराच्या वजनाचा ६० ते ६५ टक्के भाग हातांवर येतो, म्हणजे ७५ किलोच्या माणसाने एकही वस्तू विकत न घेता ४५ किलोंहून अधिक वजन ढकललेले असते; खाली जाताना मनात चार आकडे मोजले आणि तळाशी क्षणभर थांबले की दहा जोर पुष्कळ झाले. मागचा पाय बेंचवर ठेवून पुढच्या पायावर बसणे-उठणे हा व्यायाम दोन हातांत दहा-दहा किलो घेऊन करून पाहा, म्हणजे १०० किलोंच्या सेटची आठवण काही काळ तरी येणार नाही. आपल्या तालमींत जोर-बैठकांवर पिढ्या घडल्या, त्याला मोकळी जमीन आणि दम यांपलीकडे काही लागत नव्हते. मात्र टाचा उचलून भराभर मारायच्या बैठका चाळिशीनंतर नव्याने सुरू करणाऱ्याने शेकड्यांनी मारू नयेत, गुडघे लगेच तक्रार करतात.

आईंसाठी काय घ्यावे हे आपण शेवटी एका ओळीत विचारले आहे, पण मला विचाराल तर ही खोली सर्वांत जास्त त्यांच्या उपयोगाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम सुचवलेले आहेत. त्यासाठी भिंतीला टेकवलेली एक भक्कम, हात नसलेली खुर्ची, एक-दोन किलोंचे डंबेल आणि खिडकीच्या ग्रिलला बांधून हाताने ताणायचा रबरी पट्टा एवढे पुरते. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे, ग्रिल धरून टाचा उचलणे, ग्रिलवर नुसते बोट टेकून एका पायावर उभे राहणे, हेच त्यांचे मुख्य व्यायाम. रक्तदाबाची गोळी सुरू असल्यास डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी आणि जोर लावताना श्वास रोखू नये. मोठ्याने आकडे मोजायला सांगितले की श्वास आपोआप सुटतो. लादीवर पसरलेल्या रबराच्या पट्ट्याची कड कुठे उचललेली राहिली तर त्यांचा पाय तिथेच अडकेल, म्हणून कड चिकटपट्टीने लादीला पक्की करावी.

ट्रेडमिल घेऊ नका. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट जोर जमिनीवर येतो, मिनिटाला दीडशेच्या वर पावले पडतात, आणि ते सगळे खालच्यांच्या डोक्यावर. यंत्राचे ७०-८० किलोंचे धूड लिफ्टशिवाय दुसऱ्या मजल्यावर चढवायचे, आणि दमट हवेत त्याचा सर्किट बोर्ड बिघडला की दुरुस्तीवाल्याची वाट पाहत बसायचे, हे आणखी वेगळे. चालायला चारकोपचे रस्ते सकाळी सहापर्यंत मोकळे असतात, आणि दम वाढवण्यासाठी आपल्याच इमारतीचा चार मजल्यांचा जिना आहे. लिफ्ट नसण्याचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. पावसाळ्यासाठी काही हवेच असेल तर जागेवरच चालवायची, चुंबकीय ब्रेकची व्यायामाची सायकल घ्या. ती फारसा आवाज करत नाही, आदळत नाही आणि चाकांवर ढकलून कोपऱ्यात नेता येते. मल्टिजिमबद्दल एवढेच सांगतो की आपल्या खोलीत ते जुलै महिन्यात ओले कपडे वाळवण्याच्या उपयोगी पडेल.

गंजाची काळजी खाडीच्या हवेत बारा महिने घ्यावी लागते. घामातले मीठ दांडीच्या खरबरीत पकडीत बसते आणि क्रोमचा मुलामा आतून उचलतो. व्यायाम झाला की दांडी सुक्या फडक्याने पुसायची, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा जुन्या टूथब्रशने खाचा साफ करून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब चोळून पुन्हा कोरडे पुसायचे, एवढ्याने ती दहा वर्षे टिकते. त्या खोलीत एसी लावत असाल तर तो बंद करून लगेच खिडकी उघडू नका. थंड झालेल्या लोखंडावर बाहेरची दमट हवा लागली की पाण्याच्या ग्लासावर धरतो तसा ओलावा धरतो. प्लेटा जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवाव्यात. रंग उडालेल्या प्लेटांना रेड ऑक्साइडचा हात मारून वर कोणताही तैलरंग चालतो.

खर्चाचा क्रम असा ठेवा. पहिल्या महिन्यात भिंतीचा पंखा, लादीवरचा रबराचा पट्टा, आईंची खुर्ची आणि ताणायचे रबरी पट्टे. दुसऱ्या महिन्यात डंबेल आणि बेंच. लटकण्याच्या दांडीचा निर्णय भिंत तपासून झाल्यावर. एवढे करूनही ५० हजारांतला चांगला भाग शिल्लक राहील. तो तीन महिने तसाच ठेवा आणि रोजच्या व्यायामात नेमके काय कमी पडते आहे ते कळल्यावरच खर्च करा. डंबेल आणि प्लेटा जुन्या घ्यायला काहीच हरकत नाही, लोखंड शिळे होत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये जानेवारीतले संकल्प विकायला निघतात तेव्हा निम्म्या किमतीत मिळतात. जुनी सायकल मात्र स्वतः अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

शेवटचा मुद्दा आपण लिहिलेला नाही, पण तिशी ओलांडलेल्या इमारतीत तो असणारच. आपल्या सोसायटीत पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली असतील तर भिंतीत बोल्ट मारण्यापेक्षा स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, नटबोल्ट काढून सुटा होणारा लटकण्याच्या दांडीचा स्टँड घ्यावा. त्याला चार फूट बाय तीन फूट जागा लागते आणि तो थोडा डुलतो, म्हणून त्यावर झटके न देता सावकाशच लटकावे. पण भाड्याच्या घरात जायची वेळ आली की तो कपाटासोबत त्याच टेम्पोत जातो.